उघडा डाव

आखाजीला, म्हणजे खानदेशातल्या अक्षय तृतीयेला, आमच्या गावात बायका झोक्यावर आणि गडीमाणसं पत्त्यांवर. अमळनेरच्या पुढे बोरीच्या काठाला आमचं गाव. वैशाखातलं ऊन इतकं की दुपारी कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडायला राजी नसतं. शेतं मोकळी, सालदारांची वर्षं संपलेली, सासरी गेलेल्या पोरी माहेरी आलेल्या, घराघरात आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या. जेवणं उरकली की निंबाच्या सावलीत सतरंजी पडते आणि एरवी पोरांच्या हातात पत्ते दिसले तर डोळे वटारणारे आजोबा-काका 'सणाचा मान' म्हणून तीनपत्ती मांडतात.

आम्हा पोरींना त्या सतरंजीवर जागा नव्हती. आमच्या वाट्याला माजघर आणि एक जुना जोड. त्यातली चौकटची दुर्री कधीच हरवली होती. तिच्या जागी कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचा कापलेला तुकडा होता, त्यामुळे दुर्री कुणाच्या हातात आहे हे सगळ्यांना पाठीमागूनच कळायचं. बदाम सात, झब्बू, मेंढीकोट. खिडकीतून निंबाखालचं एक वाक्य मात्र दुपारभर ऐकू यायचं, "पत्ताच पडना नही!" हरलेल्या माणसाचा दोष नाही, पत्त्याचा दोष. वर्षभर जूनचा पाऊस आणि कापसाचा भाव असे दोन झाकलेले पत्ते हातात धरून बसणाऱ्यांना ते वाक्य शोभायचंही.

पुढे जळगावला कॉम्प्युटरचा क्लास लावला. विंडोज ९५ची ती मशिनं, एकेका मशिनीवर दोघी-तिघी. सॉलिटेअर सगळ्याजणी खेळायच्या, कारण सर म्हणाले होते की त्यानं माउसवर हात बसतो. त्याच यादीत खाली फ्रीसेल नावाचा एक खेळ होता. एकदा चुकून उघडला, आणि आज पंचवीस वर्षं होऊन गेली तरी तो बंद झालेला नाही. आधी क्लासच्या मशिनीवर, मग ऑफिसच्या, आता लॅपटॉपवर.

सॉलिटेअरमध्ये निम्मं काम नशीब करतं. पालथे पत्ते, गड्डीतून काय निघेल ते निघेल. फ्रीसेलमध्ये ५२च्या ५२ पत्ते पहिल्याच क्षणी तुमच्या तोंडासमोर उघडे. आठ रांगा, पहिल्या चारांत सात-सात पत्ते, उरलेल्या चारांत सहा-सहा. वर उजवीकडे चार घरं, तिथं एक्क्यापासून राजापर्यंत रंगवार, म्हणजे बदामवर बदाम असं, चढवायचं. खाली रांगेत लावायचं ते उतरत्या क्रमानं, लालवर काळा, काळ्यावर लाल. आणि वर डावीकडे चार रिकाम्या जागा. अडलेला पत्ता तिथं तात्पुरता उचलून ठेवायचा, एका जागेत एकच. विंडोजच्या त्या जुन्या खेळात घरं आणि जागा यांच्या मध्ये एक राजा बसलेला असायचा. माउस जिकडे जाईल तिकडे तो मान वळवायचा. वर्गात बोलत असताना सरांची नजर जशी फिरायची, तशीच.

हा खेळ मुळात पॉल अल्फिल नावाच्या विद्यार्थ्यानं १९७८ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो या संगणक प्रणालीवर लिहिला. त्याच्या आधी बेकर्स गेम नावाचा असाच खेळ होता, पण त्यात बदामवर बदामच, इस्पिकवर इस्पिकच लावावा लागे, आणि डाव वारंवार कोंडायचा. अल्फिलनं तेवढा एक नियम बदलून लाल-काळ्याची आळीपाळी आणली. नियम सैल झाला तसे बहुतेक सगळे डाव सुटायला लागले. भाजीत गुळाचा खडा टाकावा तेवढाच बदल, पण भाजीच वेगळी झाली.

खरी गंमत त्या चार रिकाम्या जागांची आहे. नवा खेळणारा त्या भराभर भरून टाकतो, कारण समोर जागा दिसते आहे. मीही तेच करायची. मग पाचव्या मिनिटाला चार जागांत चार राजे-राण्या ठाण मांडून बसलेल्या आणि खाली एक्का सात पत्त्यांखाली गाडलेला. चारही जागा मोकळ्या असतील तर पाच पत्त्यांची लावलेली माळ एका दमात हलते. शिवाय एक आख्खी रांग रिकामी असेल तर दहांची. एकही जागा मोकळी नाही आणि रांगही नाही, तर एकच पत्ता. म्हणजे ताकद हातात काय आहे यात नसून काय रिकामं आहे यात. लग्नघरात पाहुणे यायच्या आधी आई एक खोली कुलूप लावून मोकळी ठेवायची, त्यावरून आम्ही तिच्याशी भांडायचो. ती खोली कशासाठी ते मला या खेळानं समजावलं, आईनं नव्हे.

या खेळाची एक खोड मात्र फार बोचते. हरलात तर 'पत्ताच पडना नही' म्हणायची सोय नाही. सगळं उघडं होतं, वेळेची घाई नव्हती, समोर कुणी गडीही नव्हता. विंडोजच्या जुन्या खेळात एकच चाल शिल्लक उरली की खिडकीची वरची पट्टी लुकलुकायला लागायची, आणि ती लुकलुक मला नेहमी निंबाखालच्या हसण्यासारखी वाटायची.

विंडोजच्या त्या खेळात १ ते ३२,००० असे क्रमांक दिलेले डाव होते. सोबतच्या माहितीत लिहिलेलं असायचं की प्रत्येक डाव सुटतो असा समज आहे, सिद्ध मात्र झालेलं नाही. लोकांना एवढं आव्हान पुरलं. १९९४मध्ये डेव्ह रिंग नावाच्या माणसानं इंटरनेटवरून शंभराच्या वर हौशी माणसं जमवली, शंभर-शंभर डाव वाटून दिले आणि जवळपास वर्षभर ही सगळी बत्तीस हजारांची रास उपसली. अखेर एकच डाव उरला, ११९८२. नंतर संगणकांनी सगळ्या वाटा तपासून पाहिल्या. त्याला वाटच नाही.

हे वाचलं त्या दिवशी मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. बत्तीस हजारांत का होईना, एकदा तरी पत्त्याचा दोष निघाला.

आता नानांचं सांगते. नाना माझे थोरले काका, भुसावळच्या रेल्वे यार्डात पॉइंट्समन, म्हणजे गाड्यांना रूळ बदलून देणारे, होते. निवृत्तीनंतर गावी आले. ते निंबाखाली बसतात पण खेळत नाहीत, दुसऱ्यांच्या हातातले पत्ते बघून मान हलवतात. मागच्या आखाजीला मी ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसले होते, तर मागं येऊन उभे राहिले.

"काय खेळी राह्यनी, माय?"

मी सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. "सगळा पत्ता उघडा शेतस, मंग खेळ कसाना?"

मी एक चाल केली, दुसरी केली. राणी उचलून रिकाम्या जागेत ठेवली, तिच्याखालची सत्ती काढली. नाना एकदम पुढे वाकले. "हाई ते शंटिंग शे!"

आणि मग अर्धा तास मला यार्ड ऐकायला मिळालं. रात्री आलेला मालगाडीचा रेक, त्यातला हवा तो डबा नेमका मधोमध. त्याच्या पुढचे डबे काढून कुठल्या लाइनीत सारायचे, आणि एक लाइन कायम मोकळी का ठेवायची. ती भरली की आख्खं यार्ड जाम. माझी पंचवीस वर्षांची विद्या त्यांच्याकडे पगारी होती. दुपारच्या चहापर्यंत त्यांनी दोन डाव सोडवले. माउस दोन्ही हातांनी धरून.

मला दुर्बुद्धी सुचली. संध्याकाळी मी त्यांना ११९८२ लावून दिला, काही न सांगता.

नाना दोन दिवस त्या डावाला बसले. झोक्यावर पोरी गाणी म्हणत होत्या, निंबाखाली पैसे फिरत होते, आणि ओट्यावर नाना एक्क्यांकडे बघत होते. जेवायला दोनदा हाका माराव्या लागल्या. तिसऱ्या दिवशी मी परत निघाले तेव्हा माझ्यानं राहवलं नाही, मी सांगून टाकलं की हा डाव सुटत नाही, जगात कुणालाच सुटलेला नाही.

रागावतील असं वाटलं होतं. नाना म्हणाले, "मालूम शे. काल्हच समजनं."

"मग दोन दिवस काय करत होतात?"

त्यांनी लॅपटॉप उचलला, फिरवून उलटा धरला आणि रांगांच्या वरच्या टोकाकडे बोट दाखवलं. "अठून रस्ता बंद शे. आते दुसरा टोकले इंजिन लावता यी का, ते देखी राह्यनू."