स्टेक छान होता, घोडं बिलापाशी अडलं

हॉटेलनं बिलात सर्व्हिस चार्ज म्हणून लावलेले चारशे शहाऐंशी रुपये. रक्कम फार मोठी नाही. पण ती ज्या तोऱ्यात मागितली गेली आणि बिलातून काढून घ्यायला आम्हाला जेवढं ताटकळत ठेवलं गेलं, त्याचा राग अजून गेलेला नाही. म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. सोलापुरात आता असली महागडी हॉटेलं वाढत चालली आहेत. आपली माणसं वाढदिवसाला, पहिल्या पगाराला हौसेनं जातात. बिल हातात आल्यावर काय बघायचं आणि काय बोलायचं, हे आधीच माहीत असलेलं बरं.

लेकीला पुण्यात नोकरी लागली. पहिला पगार हातात पडल्यावर ती सुट्टीला घरी आली आणि म्हणाली, "आई, या वेळी सावजीकडे नको. मी तुम्हाला स्टेक खायला घालते." स्टेक म्हणजे मांसाचा जाड, शेकलेला तुकडा. तिनेच टेबल बुक केलं, आम्ही चौघं गेलो, वेळेवर जागा मिळाली. तिथवर काही सांगण्यासारखं नाही. हॉटेलचं नाव लिहीत नाही, कारण असं बिल करणारं ते एकटंच नाही.

मी अशोक चौकाजवळ एका कर सल्लागारांकडे हिशेबाचं काम करते. चादरी-टॉवेलवाल्या कारखानदारांची जीएसटीची रिटर्न्स भरणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे कुठलंही बिल समोर आलं की माझी नजर खालच्या आकड्यावर जात नाही, वरून एकेक ओळ वाचत खाली येते.

आधी जेवणाबद्दल, कारण ते खरंच चांगलं होतं आणि तसं म्हणायलाच हवं. मेन्यूवर तीन स्टेक होते: चिकन, लॅम्ब (कोवळ्या मेंढीचं) आणि टेंडरलॉइन (मोठ्या जनावराच्या पाठीचा मऊ तुकडा). राज्यात २०१५ पासून गायीबरोबर बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे आपल्याकडे मेन्यूवर टेंडरलॉइन दिसलं तर ते बहुधा म्हशीचं असतं. आमच्या घरात ते चालत नाही. ज्यांना चालत नाही त्यांनी ऑर्डर देतानाच स्पष्ट विचारावं, लाजू नये. लॅम्बबद्दलही विचारावं, कारण या नावाखाली काही ठिकाणी चक्क बोकड वाढतात. ज्यांच्या घरी बोल्हाईचंच, म्हणजे मेंढीचंच, चालतं त्यांना हा फरक महत्त्वाचा असतो. इथे मेंढीच्या मांडीचा बिनहाडाचा तुकडा होता आणि वेटरने आत जाऊन खात्री करून येऊन सांगितलं. हा पोरगा शेवटपर्यंत नीट वागला, हे लक्षात ठेवा, पुढे त्याचा विषय येणार आहे.

दोन लॅम्ब, एक चिकन आणि सासूबाई माळकरी असल्यामुळे त्यांना ग्रिल केलेलं पनीर. नातीच्या पगाराचं जेवण म्हणून त्या आल्या होत्या.

लॅम्ब कसा हवा, असं वेटरने विचारल्यावर मुलीने मीडियम सांगितलं. तुम्हीही तेच सांगा. मीडियम म्हणजे मधोमध साधारण ६० ते ६३ अंश सेल्सिअस. त्याच्या पुढे जात राहिलं की मांस आवळतं आणि रस सगळा तव्यावर जातो. कापल्यावर आतून गुलाबी निघालं तेव्हा ह्यांनी काटा खाली ठेवला आणि म्हणाले, "हे कच्चं आहे." कच्चं नव्हतं. ताटात जे लालसर पाणी उतरतं ते रक्त नसतं. मांसात मायोग्लोबिन नावाचं प्रथिन असतं, त्याचा तो रंग. दोन घास खाल्ल्यावर ह्यांनी पुन्हा विषय काढला नाही आणि अर्धं चिकनही संपवलं.

आता किमतीचं. लॅम्ब स्टेक १,२९० रुपये, वजन २२० ग्रॅम. मेन्यूत तळाला बारीक अक्षरात लिहिलं होतं की हे शिजवण्याआधीचं वजन आहे. सगळीकडे तसंच असतं, त्यात फसवणूक नाही, पण शेकल्यावर साधारण पाव हिस्सा कमी होतो हे धरून चाला. आपण ८०० रुपये किलोनं मटण आणणारी माणसं, तेवढ्या पैशात दीड किलोच्या वर मटण आणि घरभर रस्सा होतो, हा हिशेब माझ्याही डोक्यात आला. पण तो हिशेब इथे लावू नये असं माझं मत आहे. रश्श्याला हाडाचं, चिवट मटणच लागतं. तासभर रटरटलं की त्यातला चिकटपणा विरघळून रस्सा दाट होतो. स्टेकला मुळात मऊ तुकडा लागतो, साफ करताना बरंच काढून टाकावं लागतं आणि अर्ध्या मिनिटाची चूक झाली की तो गेला. आपण पैसे मोजतो ते त्या अचूकपणाचे. लॅम्बचे पैसे वसूल झाले, असं मी कोणालाही सांगेन.

चिकनचे नाही झाले. चिकन पूर्ण शिजवावंच लागतं, त्यात कसबाला वाव कमी, आणि ६९० रुपयांत जे आलं ते सात रस्त्यावर कुठेही निम्म्या किमतीत मिळेल. पनीर ५४०. त्याबद्दल न बोललेलं बरं. शाकाहारी माणूस बरोबर असेल तर अशा ठिकाणी त्याचे पैसे फुकट जातात. सूप घ्या, भाजलेल्या भाज्या घ्या, बटाट्याचं मॅश घ्या, पण पनीरचा 'स्टेक' घेऊ नका.

मग बिल आलं.

पदार्थांची बेरीज ४,८६०. त्याखाली 'एस. सी.' एवढीच दोन अक्षरं आणि पुढे ४८६. मग ५,३४६ वर सीजीएसटी आणि एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा जीएसटी) मिळून पाच टक्के, म्हणजे २६७ रुपये ३० पैसे. एकूण ५,६१३ रुपये ३० पैसे. मुलीने कार्ड काढलंसुद्धा होतं. मी तिचा हात धरला.

'एस. सी.' म्हणजे सर्व्हिस चार्ज, आणि सर्व्हिस चार्ज हा कर नाही. सरकारला त्यातला रुपयाही जात नाही. ४ जुलै २०२२ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार हॉटेलला सर्व्हिस चार्ज आपणहून बिलात टाकता येत नाही, नाव बदलूनही घेता येत नाही, आणि तो ऐच्छिक आहे हे गिऱ्हाइकाला सांगावं लागतं. जेवणाच्या रकमेत तो मिळवून त्या बेरजेवर जीएसटी लावणं, हेही त्यात स्पष्टपणे नाकारलेलं आहे. आमच्या बिलात नेमकं तेच होतं. म्हणजे चारशे शहाऐंशीवर आणखी चोवीस रुपये तीस पैसे. एकूण फरक ५१० रुपये ३० पैशांचा.

मी वेटरला शांतपणे म्हटलं, "सर्व्हिस चार्ज काढून बिल परत द्या." तो बिचारा कॅप्टनला, म्हणजे वेटरांच्या वरच्या माणसाला, घेऊन आला. कॅप्टन म्हणाला, "मॅडम, ते कॉम्प्युटरमध्येच सेट आहे, निघत नाही." मी म्हटलं, सेट करणारं माणूसच असतं, तेच काढेल. त्यावर, "मेन्यूवर छापलंय की, तुम्ही वाचून बसलात." मेन्यूवर छापलं म्हणजे माझी संमती झाली असं होत नाही, हे मी सांगितलं. मग तो मॅनेजरना बोलावतो म्हणून गेला आणि जे गेला ते आलाच नाही.

आम्ही बसून राहिलो. टेबल पुसून झालं, पाण्याचे ग्लास उचलून नेले, शेजारच्या टेबलावर नवीन माणसं बसून त्यांचं सूपही आलं. काउंटरवर कॅप्टन आणि मॅनेजर दोघंही उभे दिसत होते, हसत बोलत होते, आमच्याकडे बघत नव्हते. कंटाळून आपणच पैसे भरून निघून जाऊ, एवढाच त्यात हिशेब होता. याची मला फार चीड आली. सासूबाई दोनदा म्हणाल्या, "काय करूलाले गं एवढा वेळ?" लेक कानात कुजबुजली, "आई, जाऊ दे ना, लोक बघतायत." मी तिला म्हटलं, "महिनाभर राबून तू हे कमावलंयस. तुझ्या पहिल्या पगारातले पाचशे रुपये मी असे जाऊ देणार नाही."

शेवटी मीच उठून काउंटरवर गेले. हे मी आधीच करायला सांगते: खुर्चीत बसून वाट बघू नका, बिल हातात घेऊन काउंटरशी जाऊन उभे राहा. बाकीची गिऱ्हाइकं बिल द्यायला येतात, ती ऐकतात, आणि मग हॉटेलवाल्यांना घाई होते.

मॅनेजर म्हणाला, "मॅडम, कोर्टानं त्या सूचनांना स्टे दिलाय." हे तो अगदी ठामपणे बोलला आणि समोरचा माणूस इथेच गप्प होत असणार. स्टे, म्हणजे स्थगिती, होता, पण तो जुलै २०२२ मधला. त्यानंतर २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने हॉटेल संघटनांच्या याचिका फेटाळल्या, सूचना योग्य ठरवल्या आणि याचिका करणाऱ्या दोन्ही संघटनांना एकेक लाखाचा खर्च भरायला सांगितला. संघटना पुढे अपिलात गेल्या. पण अपील दाखल झालं म्हणून निकाल आपोआप थांबत नाही. ही तारीख मला तोंडपाठ होती, कारण आमच्याच ऑफिसात एका हॉटेलवाल्याच्या फाइलवरून तिची चर्चा झाली होती. तुम्ही ती फोनमध्ये लिहून ठेवा.

मग त्याने भावनेला हात घातला. "हा पैसा स्टाफला जातो, मॅडम, पोरांच्या पोटावर पाय देऊ नका." मी मागे उभ्या असलेल्या आमच्या वेटरकडे बघितलं. तो खाली बघत होता. मी म्हटलं, "पोराला काय द्यायचं ते मी त्याच्या हातात देईन. तुमच्या बिलातून नाही."

मॅनेजरचा अखेरचा डाव मालकांच्या नावावर. मालक फोन उचलत नाहीत, त्यांच्या परवानगीशिवाय बिल रद्द होत नाही. इथे मी जे केलं त्याने काम झालं, म्हणून नीट वाचा. मी बिलाचा फोटो काढला आणि म्हटलं, "ठीक आहे. याच बिलाच्या मागे लिहून द्या की गिऱ्हाइकाने नकार दिला तरी सर्व्हिस चार्ज काढणार नाही. सही करा, शिक्का मारा. मी पूर्ण पैसे भरते आणि हा कागद घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार करते." अशी तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते, सूचनांमध्येच तसं म्हटलं आहे. आवाज चढवला नाही. पेन पुढे केलं. ते पेन त्याने घेतलं नाही. मालकांचा फोन न लागताच संगणकावरचं बिल रद्द झालं आणि नवीन छापून आलं: ४,८६० अधिक २४३, एकूण ५,१०३.

बाहेर पडताना मी त्या वेटरला तीनशे रुपये दिले, मॅनेजरच्या समोर, त्याच्या हातात. लेकीने गाडीत बसल्यावर नवीन बिल उलगडून परत वाचलं. मला त्या क्षणी फार बरं वाटलं.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, पण तो सकाळी ८ ते रात्री ८ चालतो. आपण जेवून उठतो तेव्हा तो बंद झालेला असतो. त्यामुळे तिथल्या तिथे फोन लावून दाखवण्याच्या भरवशावर राहू नका, तक्रार ॲपवरून किंवा दुसऱ्या दिवशी करा.

पाण्याच्या बाटलीवर भांडू नका. आमच्या बिलात दोन बाटल्या २४० रुपयांच्या होत्या. बसून खाण्याच्या हॉटेलात छापील किमतीपेक्षा जास्त घेता येतात, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल आहे. बसल्याबसल्या साधं पाणी मागा. आम्ही साधं पाणी मागायच्या आत त्यांनी बाटल्यांची झाकणं उघडली होती, एवढं मात्र लक्ष ठेवा.

जीएसटीचा दरही बघा. नुसत्या रेस्टॉरंटला पाच टक्के. राहण्याच्या हॉटेलात एखाद्या खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० च्या वर गेलेलं असेल तर तिथल्या रेस्टॉरंटला अठरा. सोलापुरातल्या बहुतेक ठिकाणी पाचच असायला हवा. आणि बिलावर जीएसटी नंबर नसेल, तर जीएसटी मागायचा त्यांना अधिकारच नाही. महाराष्ट्रातला नंबर २७ ने सुरू होतो.

पुढे काय झालं तेही सांगते. आमच्या ओळखीतले एक कुटुंब नंतर तिथेच जेवून आलं, त्यांच्या बिलात 'एस. सी.' होतंच. म्हणजे भांडणाऱ्याचा काढायचा आणि बाकीच्यांचा घ्यायचा, असं चाललंय. त्यांचं बिल आणि आमचं पहिलं बिल, दोन्हींचे फोटो जोडून मी हेल्पलाइनच्या ॲपवर तक्रार टाकली आहे. नोंदणी क्रमांक आला, हॉटेलकडून उत्तर आलेलं नाही. ते आलं नाही तर दोन्ही बिलं घेऊन मी जिल्हाधिकारी कार्यालयात जाणार आहे. तोवर कोणी तिथे गेलंच तर लॅम्ब घ्या, मीडियम सांगा, आणि कार्ड काढण्याआधी बिल वरून खाली वाचा.