इसाबेला क्वार्टर आणि अकरा आठवडे

अकरा आठवडे माझी दोन नाणी एका ग्रेडिंग कंपनीत, म्हणजे नाणं तपासून त्याला दर्जाचा आकडा देणाऱ्या कंपनीत, नुसती पडून होती. आठवलं की अजून डोकं तापतं.

एक १८९२ चा कोलंबियन हाफ डॉलर, शिकागोच्या कोलंबियन महाप्रदर्शनासाठी काढलेला. दुसरं १८९३ चं इसाबेला क्वार्टर, त्याच प्रदर्शनासाठी तिथल्या महिला व्यवस्थापक मंडळाने मागून घेतलेलं. एका बाजूला स्पेनची राणी इसाबेला, मागे गुडघ्यावर बसून सूत कातणारी बाई. त्या बाईसाठीच मी ते घेतलं. पाव डॉलरचं नाणं तेव्हा एक डॉलरला विकायला ठेवलं होतं, आणि तेवढ्याच पैशांत शेजारी अर्ध्या डॉलरचं मिळत होतं! खपलं नाही. जेमतेम २४ हजार उरली, बाकीची वितळवली.

न्यू जर्सीत खरेदी सहज झाली. घोडं अडलं ते ग्रेडिंगच्या फॉर्मवर. नाण्याची किंमत आपणच लिहायची आणि त्यावरून सेवेचा वर्ग, म्हणजेच फी, ठरते. मी दोन्ही नाणी एकाच फॉर्मवर लिहिली. इसाबेलाची किंमत त्या वर्गात बसेना, म्हणून त्यांनी अख्खं खोकं बाजूला काढून ठेवलं. ना फोन, ना ईमेल. वेबसाइटवर एकच शब्द, ‘मिळाले’. सकाळी ऑफिसला निघताना बघायचे, रात्री ओटा आवरून पुन्हा बघायचे. फोन केला की ‘रांगेत आहे’. चौथ्या वेळी एका बाईंनी फॉर्म खरंच उघडला आणि दोन मिनिटांत म्हणाल्या, फरकाचे पैसे भरा. हे पहिल्याच आठवड्यात सांगता आलं नसतं?

तेव्हा वर्ग वेगळा तर फॉर्म वेगळा. आणि फोनवर ‘कुठे आहे’ विचारू नका, ‘काही अडलंय का’ विचारा.

हो, पोस्टाचं राहिलंच. रजिस्टर्डने पाठवताना खोक्याला कागदी टेप लावा. प्लास्टिकच्या टेपवर शिक्का धरत नाही, खोकं खिडकीवरून परत येतं. त्याच्याही आधी, विकत घेताना वजन करा: हाफ डॉलर १२.५ ग्रॅम, क्वार्टर ६.२५. आणि देव्हाऱ्यातल्या चांदीसारखं नाणं कधीही घासू नका. माझा हाफ डॉलर पूर्वी कुणीतरी घासून चकचकीत केलेला निघाला, त्याला आकडाच मिळाला नाही.

इसाबेलाला मात्र एमएस-६३, म्हणजे न वापरलेल्या नाण्याचा दर्जा! भिंग धरलं की बाईच्या हातातला धागा अजून स्वच्छ दिसतो.