मोटार तापते तेव्हा आधी कपलिंग सोडा: माझ्या मॉन्स्टर ट्रकचा अनुभव

रिमोटवर चालणारा १/१० आकाराचा मॉन्स्टर ट्रक मी जुना विकत घेतला. त्यात ३३०० केव्हीची (म्हणजे मोकळी असताना दर व्होल्टला मिनिटाला ३३०० फेरे) ब्रशलेस, म्हणजे आत ब्रश नसलेली मोटार होती आणि सोबत ३एस, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या तीन सेलची लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी. गाडी पळायची झकास. पण मैदानात सहा-सात मिनिटं झाली की मोटारीवर बोट ठेववत नसे, आणि आणखी थोड्या वेळाने ईएससी (मोटारीचा वेग सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट) स्वतःला वाचवायला गाडी बंद करत असे. भाचा रिमोट हातात धरून ओरडायचा, "मामा, परत थांबली!"

ज्याला विचारावं तो म्हणायचा, पंखा बसव. मला मात्र आधी आकडा हवा होता. इन्फ्रारेड थर्मामीटर आणला, पण चकचकीत धातूवर तो खरं तापमान दाखवत नाही, बरंच कमी दाखवतो. म्हणून मोटारीच्या डब्यावर वायरिंगची काळी टेप चिकटवली आणि नेम तिच्यावर धरला. आकडा आला ९८ अंश सेल्सिअस. गाडी थांबवल्यावर दोन-तीन मिनिटांनी पुन्हा बघितलं, तर तो आणखी वर चढलेला. आतली उष्णता बाहेरच्या डब्यापर्यंत यायला तेवढा वेळ लागतो. म्हणजे बाहेर ९८ असताना आतल्या वेढ्यांचं तांबं त्याहून तापलेलं असणार. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवाच ३८-३९ अंशांवर असते आणि मोटार जे काही तापते ते त्या हवेच्या वर. हिवाळ्यात खपून जाणारी गाडी उन्हाळ्यात दगा देते ती यामुळेच.

काळजी वाटण्याचं खरं कारण चुंबक. ब्रशलेस मोटारीच्या रोटरवर, म्हणजे आत फिरणाऱ्या भागावर, निओडिमियमचं चुंबक असतं. साध्या प्रतीचं चुंबक ८० अंशांच्या आसपासच ताकद गमवायला लागतं. उष्णता सोसणाऱ्या काही प्रती १५० अंशांपर्यंत तग धरतात, पण आपल्या मोटारीत कुठली प्रत आहे हे डब्यावर लिहिलेलं नसतं. एकदा गेलेली ताकद मोटार थंड झाल्यावर परत येत नाही. चुंबक दुबळं झालं की तेवढाच जोर काढायला मोटार जास्त करंट ओढते, म्हणून आणखी तापते, आणि चुंबक आणखी दुबळं होतं. भार नसताना मोटार पूर्वीपेक्षा जास्त वेगाने फिरते पण गाडीला दम नाही, असं दिसलं तर समजावं की हे चक्र सुरू झालं आहे.

आमच्या भागात शेतीपंपांच्या मोटारी रिवाइंड करणारे एक काका आहेत. ब्रशलेस मोटार त्यांच्याकडे कधी आली नव्हती, तरी मी गाडी घेऊन गेलो. त्यांनी शाफ्ट बोटांनी फिरवून बघितला आणि म्हणाले, "अरे, मोटार तापली की आम्ही आधी कपलिंग, म्हणजे मोटार आणि पंपाचा जोड, सोडतो. मोकळी चालवून बघायची. मोकळी गार राहिली तर मोटारीला हात लावायचा नाही, पंप बघायचा." मला मिळालेल्या सगळ्या सल्ल्यांत हा सर्वांत कामाचा.

घरी येऊन मोटार मागे सरकवली, पिनियन (मोटारीच्या शाफ्टवरचं छोटं दातेरी चाक) स्पर गिअरपासून (ते ज्याला फिरवतं त्या मोठ्या दातेरी चाकापासून) सोडवला आणि अर्ध्याहून कमी थ्रॉटलवर थोडा वेळ चालवली. मोटार अगदी गार. म्हणजे दुखणं पुढे कुठेतरी होतं. मग मोटार सुटलेली असतानाच गाडी फरशीवर ढकलून बघितली. ती लगेच अडली. एकेक चाक हाताने फिरवलं तेव्हा मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग मातीने जवळजवळ जाम झालेलं सापडलं. ५ बाय ११ मिलिमीटरचं एवढंसं बेअरिंग. पण ते फिरवण्याची मेहनत दर क्षणी मोटारीलाच करावी लागते. चारही चाकांची बेअरिंगं बदलली. पिनियन आणि स्परमध्ये कागदाची पट्टी घालून दात बसवले, मग पट्टी काढली, म्हणजे मेश, दोन्हींच्या दातांची पकड, फार आवळ राहत नाही.

एवढ्याने तापमान नव्वदीच्या खाली आलं, पण पुरेसं नाही. कारण चाकं. आधीच्या मालकाने मूळ चाकांपेक्षा साधारण दहा टक्के मोठी चाकं बसवली होती आणि पिनियन १५ दात्यांचा तसाच ठेवला होता. इथला हिशोब प्रत्येकाने एकदा कागदावर मांडावा असं मला मनापासून वाटतं. मोटारीचा जोर करंटच्या प्रमाणात असतो, पण तांब्यातली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. चाक दहा टक्के मोठं झालं की गाडीला तेवढाच रेटा द्यायला करंट दहा टक्के जास्त, आणि उष्णता एकवीस टक्के जास्त. उलट पिनियन १५ वरून १२ दात्यांवर आणला तर करंट वीस टक्क्यांनी उतरतो आणि उष्णता छत्तीस टक्क्यांनी. शिवाय तांबं तापलं की त्याचा रोधही वाढतो, दर अंशाला सुमारे ०.४ टक्के, म्हणजे गार राहिलेली मोटार पुढेही कमी तापते.

१२ दात्यांचा पिनियन बसवला. वेग साधारण पाचव्या हिश्श्याने कमी झाला, पण उडी मारताना, चढ घेताना गाडी पूर्वीपेक्षा चटकन उठायला लागली. त्याच मैदानावर, तशाच उन्हात आकडा आला ७६.

पंखा त्यानंतर बसवला, आणि तोही बॉडीच्या मागच्या बाजूला हवा बाहेर जायला भोकं कापल्यावर. वाट नसेल तर पंखा तीच गरम हवा आतल्या आत फिरवत बसतो. ३० मिलिमीटरच्या पंख्याने डब्याचं तापमान पाच-सहा अंशांनी उतरवलं. हे चांगलंच आहे, पण रोटर डब्याच्या आत मधोमध असतो आणि त्याच्यापर्यंत ही हवा पोचत नाही. भार तसाच ठेवून नुसता पंखा लावला असता तर आकडा सुधारला असता आणि चुंबक मात्र भाजतच राहिलं असतं.

गवताचा प्रश्न वेगळा आहे. उंच गवतात मॉन्स्टर ट्रक चालवणं म्हणजे सतत चढावर चालवणं. तिथे मी २एस बॅटरी लावतो. काकांकडच्या पंपांच्या मोटारींना व्होल्टेज कमी पडलं की त्या जास्त करंट ओढून जळतात. इथे उलट आहे, व्होल्टेज उतरवलं की मोटारीचे फेरेच कमी होतात, गाडी सावकाश धावते आणि एकूण काम कमी पडतं. भाच्याला वेग कमी वाटतो, पण बॅटरी संपेपर्यंत गाडी थांबत नाही, हे त्याला जास्त आवडलं आहे.

आता प्रत्येक बॅटरीनंतर टेपवर थर्मामीटर धरायचं काम त्याच्याकडे आहे. ८० च्या वर गेलं की पुढची बॅटरी लगेच लावायची नाही. मोटार हाताला कोमट लागेपर्यंत थांबायचं आणि तेवढ्यात गाडी ढकलून चारही चाकं मोकळी आहेत का ते बघायचं.