अंगठ्याचं वजन

मंगळवार, रात्री साडेअकरा

झोप येत नाहीये. तसं झालं काहीच नाही. अंगठा दाखवायला गेले आणि डाएटचा कागद घेऊन आले, एवढंच.

उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखतं. बरणीचं झाकण फिरवलं की कळ पार मनगटाच्या वर जाते. हे नीट सांगायचं असं रिक्षात घोकत गेले होते. बूड टेकतंय तोवर, "वजन किती?" मग दंडाला बीपीचा पट्टा. टर्रकन सुटला. पुन्हा लावला, पुन्हा सुटला. शेवटी त्या मुलीने हाताने दाबून धरला. वरचा आकडा १५२. "बघा," डॉक्टर म्हणाले. काय बघू? पट्ट्यावर २२ ते ३२ सेंमी छापलेलं होतं, ते मी बघत होते. माझा दंड त्यात मावत नाही हे ब्लाउज शिवणाऱ्या काकूंना न मोजता कळतं. अमेरिकेत २०२३ साली यावर अभ्यासही झालाय: एक्स्ट्रा लार्ज पट्टा लागणाऱ्यांना नेहमीचा लावला, तर वरचा आकडा सरासरी जवळजवळ २० ने फुगतो. म्हणजे १५२ मधले माझे किती आणि पट्ट्याचे किती? की नाहीच फुगलं, खरंच वाढलंय? आता कोणाला विचारू?

आणि अंगठ्याला हातच लावला नाही.

वजनाचं बोलले म्हणून राग नाही. आहे वजन. शुगर, गुडघे, घोरणं, सगळं पाठ आहे मला. लग्नाकार्यात अनोळखी बायकासुद्धा सांगून जातात. पण अंगठा? अंगठ्यावर चालते का मी? टेबलावर हात ठेवला होता, त्यांच्या पेनपासून वीतभर लांब. नुसतं दाबून "इथे दुखतं का?" विचारलं असतं, मग खुशाल दिला असता तो कागद. झेरॉक्सची झेरॉक्स होती, "भात बंद" तेवढं ठळक.

शेखर म्हणाला, मनाला फार लावून घेतेस. त्याला त्या सोनोग्राफीच्या वेळचं आठवत नसणार. असो.

बरं, बारीक माणसांचं तरी बरं चाललंय का? जाऊबाईंना सगळे "तुम्हाला काय धाड भरलीय" म्हणत राहिले, आणि पायाची जखम भरेना तेव्हा शुगर सापडली. २००४ साली पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी लॅन्सेट या डॉक्टरांच्या मासिकात स्वतःचा आणि इंग्लंडच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारीशेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, अगदी तंतोतंत. चरबी मात्र साहेबाची ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकराची २१.२! तरी काटा तोच, तक्ता तोच. माझ्याकडे बघून निदान आधीच ठरतं, जाऊबाईंकडे बघून ठरतच नाही. त्या माझ्यापेक्षा जास्त फसल्या, हे मला आज पहिल्यांदा जाणवलं. मघाशी स्वतःसाठी रडून झालं होतं, त्याचं आता थोडं हसू येतंय.

हाताला हात लावला नाही पण.

उद्या हाडांच्या डॉक्टरांकडे. बसायच्या आधीच अंगठा त्यांच्या नाकासमोर धरणार. वजन विचारलं तर सांगेन, ८९ किलो. अंगठ्याचं वेगळं करून घेतलेलं नाही.