कपाट घ्यायच्या आधी भिंत बघा, मग कपडे मोजा

नणंदेनं बदलापूरला नवीन फ्लॅट घेतलाय आणि रोज मला वॉर्डरोबचे फोटो पाठवतेय, वहिनी हे बघ, ते बघ, स्लायडिंग घेऊ का, काचेचं घेऊ का. तिला फोनवर सांगून सांगून दमले म्हणून आता सगळं इथेच लिहिते, अजून कोणाला उपयोग झाला तर चांगलंच.

आमचं डोंबिवलीचं घर. लग्नानंतर घेतलेलं पहिलं कपाट रेडीमेड होतं, पार्टिकल बोर्डचं (म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी), दिसायला एकदम छान, आणि आम्ही ते पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीला अगदी चिकटवून ठेवलं. दुसऱ्या पावसाळ्यात खालची कड फुगली. म्हणजे बोटानं दाबलं की भिजलेल्या बिस्किटासारखा भुगा निघायचा. स्क्रू धरेनात, दार लटकायला लागलं, आणि एक दिवस आईनं दिलेली पैठणी काढली तर घडीवर बुरशीचे पांढरे ठिपके. त्या दिवशी मी खरंच रडले. म्हणून सांगते, आधी भिंत बघा. जिथे कपाट येणार तिथे हातभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी टेपनं गच्च चिकटवा आणि दोन दिवस राहू द्या, शक्यतो पावसाळ्यातच. कागदाच्या आतून, भिंतीकडच्या बाजूनं पाणी धरलं तर भिंतीतच ओल आहे, आधी तिचं काम करा. भिंत कोरडी असली तरी बाहेरच्या भिंतीपासून कपाट इंच-दीड इंच पुढे ठेवा, मागे हवा खेळली पाहिजे.

मग स्लायडिंग की उघडणारी दारं? ह्याचं उत्तर मोजायच्या टेपनं मिळतं, फोटो बघून नाही. आमची खोली दहा फूट, पलंग साडेसहा, कपाट पुढून मागे दोन फूट (हँगरच सतरा-अठरा इंचाचा असतो, त्यामुळे आतून बावीस इंच तरी लागतातच), राहिले दीड फूट. सगळे म्हणाले मग स्लायडिंगच करा. पण स्लायडिंगला दारं एकामागे एक धावतात, त्यात तीन-चार इंच जातात, आणि एका वेळी अर्धंच कपाट उघडतं, सकाळी नवरा-बायको दोघांनाही घाई असते तेव्हा ते फार नडतं, शिवाय खालच्या ट्रॅकमध्ये धूळ बसते ती वेगळीच. आम्ही उघडणारीच केली, फक्त दारं बारीक, पंधरा इंचाची एकेक, अशी सहा. पलंगाला लागत नाहीत. ज्यांच्याकडे पलंग आणि कपाटात फूटभरच जागा आहे त्यांनी मात्र स्लायडिंगच घ्यावं, तिथे दुसरा इलाज नाही.

ह्यावेळी सुताराकडून करून घेतलं, अठरा एमएम प्लायमध्ये. प्लायवर आयएसआयचा शिक्का असतो, ३०३ नंबर म्हणजे साधारण कमर्शियल प्लाय आणि ७१० म्हणजे मरीन, पाण्याला जास्त टिकणारा. खालचा भाग आणि मागची बाजू तरी ७१० ची घ्या, आणि शिक्का शीट कापायच्या आधी स्वतः बघा, कापल्यावर कुठला तुकडा कुठला काही कळत नाही. खाली चार इंचाची स्कर्टिंग (दारांच्या खालची पट्टी) ठेवायला सांगा, म्हणजे लादी पुसताना पाणी दारांना लागत नाही. सात फुटी दाराला चार बिजागऱ्या हव्यातच, तीनवर भागवू देऊ नका.

आतल्या मापाबद्दल कोणी बोलतच नाही. शर्ट-कुर्त्यांना साडेतीन फूट उंची पुरते, लांब ड्रेस असतील तर पाच फूट. साड्यांचे कप्पे मात्र दहा-बारा इंचाचेच करा, उंच कप्प्यात पंचवीस साड्यांची चळत होते आणि खालची ओढली की सगळी चळत कोसळते. मी सुतार यायच्या आदल्या रात्री दोघांचे सगळे कपडे पलंगावर काढून मोजले, तेव्हा कळलं आमच्याकडे टांगायचे कपडे कमी आणि घडीचेच जास्त आहेत, नाहीतर आम्ही अर्धं कपाट उगाच रॉडला देऊन बसलो असतो.

आणि सासूबाईंचं लोखंडी गोदरेजचं कपाट काढू नका, हे मी नणंदेला मुद्दाम सांगतेय कारण तिला ते नको झालंय. गोदरेज १९२३ पासून ही स्टीलची कपाटं करतंय, वाळवी लागत नाही, लॉकर आहे, फक्त पाय गंजू नयेत म्हणून खाली ठोकळे द्यायचे. माझी पैठणी आता त्यातच आहे, मलमलच्या कापडात, डांबराच्या गोळ्या जरीला लागणार नाहीत अशा बेतानं लांब ठेवून. दर तीन-चार महिन्यांनी सासूबाई आणि मी तिची घडी मोडतो, पंख्याखाली पसरतो आणि दुसऱ्या रेघेवर परत घालतो.