ऑडिओग्राम, घोंगडं आणि माझी सिस्टीम

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथच्या शेजारी उभं राहून नोकरी झाली, त्यात वय अडुसष्ट. त्यामुळे ऑडिओग्राम, म्हणजे कुठल्या पट्टीचा आवाज किती ऐकू येतो त्याचा आलेख, बघून धक्का वगैरे बसला नाही. उजव्या कानाचे लाल गोल आणि डाव्याच्या निळ्या फुल्या 1,000 हर्ट्झपर्यंत बऱ्यापैकी सरळ, 2,000 नंतर घसरगुंडी, 4,000 ला दोन्ही कान 60 डेसिबलवर, म्हणजे तिथला आवाज तेवढा चढवला तरच कानावर पडतो.

घरात लगेच विषय निघाला : फंडाच्या पैशातून घेतलेला ॲम्प आणि ते उभे स्पीकर आता ठेवायचे कशाला? मित्र तर सरळच म्हणाला, "विकून टाक की लेका. तुला आता मोबाईल काय आन् हे काय, सारखंच!"

मला पटलं नाही, आणि त्याचं कारण त्याच कागदावर होतं. मी ऐकतो जयपूर घराणं. शाहू महाराजांनी त्या घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांना दरबारात ठेवलं, त्यामुळं कोल्हापूरकराला ते शोधत जावं लागत नाही. काळी एक पट्टीचा षड्ज (सा) म्हणजे सुमारे 139 हर्ट्झ. त्याचा विसावा स्वयंभू सूर (हार्मोनिक, म्हणजे त्याच्या वीसपट) धरला तरी 2,800 च्या आतच. गायकाचा आवाज, तानपुऱ्याच्या खर्जातून उठणारा गंधार, डग्ग्याचा घुमारा, यांतलं बहुतेक सगळं अजून माझ्या हातात आहे. गेली ती तबल्याच्या चाटीची (काठाची) धार आणि 'स'-'श'ची सळसळ. जुन्या 78 आरपीएमच्या तबकड्यांवर तर 5-6 हजारांच्या वर फारसं काही नसतंच.

कानाच्या मशीनचं मात्र जमवावं लागलं. ते बनवलेलं बोलणं ऐकायला. तानपुरा लावला की त्याला ती मशीनची स्वतःची शिट्टीच वाटायची. ते दाबायला जायचं आणि सुरात लागलेल्या जोडीच्या तारा थरथरायला लागायच्या. ऑडिऑलॉजिस्ट मॅडमना तिथंच मोबाईलवर तानपुरा ऐकवला. त्यांनी संगीतासाठी वेगळा प्रोग्राम करून दिला : आजूबाजूचा आवाज कापणं बंद, शिट्टी रोखणं अगदी कमी. देवल क्लबच्या गाण्याच्या बैठकीला तोच लावतो. पहिल्यांदा मशीन घेणाऱ्यानं हा प्रोग्राम मागून घ्यावा; आपण गाणं ऐकतो हे सांगितल्याशिवाय त्यांना कळणार कसं?

घरी सिस्टीमवर मात्र मशीन काढून ठेवतो आणि इक्वलायझर (वेगवेगळ्या पट्ट्यांचा आवाज कमी-जास्त करणारं यंत्र) वापरतो. मॅडमनी बजावलं होतं, "काका, 60 गेले म्हणून 60 भरायला जाऊ नका. निम्म्याच्या वर तर नाहीच." अशा कानाला हळू आवाज पोचत नाही, पण मोठा आवाज एकदम अंगावर येतो. म्हणून 2,000 ला थोडं, 4,000 ला 10 डेसिबल, तेही रोज थोडं थोडं चढवत. 8,000 च्या वर हात लावला नाही, तिथं नुसता ट्वीटर (उंच सुरांचा छोटा स्पीकर) तापणार.

आणि भारी ॲम्प इथं कामाला येतो. 10 डेसिबल चढवायचे तर त्या पट्टीत दहापट ताकद लागते. हलका ॲम्प तार सप्तकातल्या तानेला दम सोडतो, आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज माझ्या कानालाही चांगलाच कळतो. मला आता बारकावे कमी ऐकू येतात, म्हणून जे येतं ते स्वच्छच पाहिजे.

खोलीत गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंती, आवाज नुसता आदळायचा. समोरच्या भिंतीवर ट्वीटरच्या उंचीला घोंगडं टांगलं, खुर्ची पुढं ओढली, स्पीकर थेट कानाकडं वळवले. खर्च जवळजवळ शून्य आणि फरक सगळ्यात जास्त. एका दुकानदारानं 40,000 हर्ट्झपर्यंत वाजणारा जादा ट्वीटर गळ्यात मारायचा प्रयत्न केला. म्हटलं, ऐकायला वटवाघळं बोलावू काय?

एक अडचण होतीच. माझं सेटिंग चालू असताना बायको खोलीत आली की म्हणायची, "अहो, काय ते किरकिरतंय!" तिचे कान शाबूत आहेत. मग नातवाला शेजारी बसवलं, त्याला टोचायला लागेल तिथं खुणवायला सांगितलं, आणि त्या अंदाजानं दुसरं सेटिंग ठेवलं. घरात सगळे असले की ते. दुपारी सगळे झोपले की माझं, आणि तेव्हा दार लावून घ्यायचं.