ग्रीक विहीणबाई

थेसालोनिकीतल्या ग्रीकच्या वर्गात नात्यांचा धडा आला आणि माझं डोकंच फिरलं. मावशी? थीया. आत्या? थीया. काकू, मामीसुद्धा थीयाच! बाई म्हणाल्या, किती सोपं आहे बघ. कसलं सोपं? पाळण्यात नाव ठेवणारी आत्या आणि आजोळी लाड करणारी मामी, दोघींना एकाच माळेत कसं ओवायचं? नणंद आणि मेहुणी, दोघी कुन्यादा. निफी म्हणजे नवरी, सून आणि भावजयही. लग्नाला कितीही वर्षं होवोत, सासरी मी निफीच! एवढ्या जुन्या, समृद्ध भाषेचा हा कद्रूपणा मला खरंच खटकतो.

पण पुस्तकात नव्हतं ते सासरी कळलं. धाकट्या दिराच्या बायकोने कपानीच्या बाजारात मासेवाल्याला माझी ओळख करून दिली, "ही माझी सिनिफादा." म्हणजे चक्क जाऊ! साडूलाही शब्द आहे, बाद्झानाकिस, तो तुर्कीतून आलेला. आणि व्याही म्हणजे सिम्बेथेरोस, विहीण म्हणजे सिम्बेथेरा. इंग्रजीत आयुष्य काढलं तरी या तिघांसाठी सुटसुटीत शब्द मिळायचा नाही.

माझ्या सासूबाई आईला कधी नावाने हाक मारत नाहीत. व्हिडिओ कॉल लागला की "सिम्बेथेरा!" म्हणून साद घालतात, आई तिकडून "बोला विहीणबाई!" मग सासूबाई टोमॅटोच्या रश्श्यातली भेंडी कॅमेऱ्यापुढे धरतात, आई आपली परतलेली भेंडी दाखवते. एकीची भाषा दुसरीला येत नाही, पण मानपान दोघींनाही पक्का ठाऊक.

कुम्बारोस मात्र आपल्याकडे नाही. लग्नात वधूवरांच्या डोक्यावरचे मुकुट तीनदा अदलाबदल करणारा तो. बहुतेकदा पहिल्या मुलाच्या बाप्तिस्म्यालाही तोच उभा राहतो. मित्राला असं विधीपूर्वक घरचं करून घेणं मला फार आवडतं.

परदेशात मुलं आपली भाषा विसरतात, असं मला नेहमी ऐकवलं जातं. पुण्यातली माझी भाचरं शेजाऱ्यांना सर्रास अंकल-आंटी म्हणतात, त्याचं काय? माझी लेक तिच्या ग्रीक आत्याला आत्याच म्हणते, थीया नाही. नणंदेलाही ते इतकं आवडलंय की गेल्या ईस्टरला तिने पाहुण्यांना स्वतःची ओळख तशीच करून दिली.